कागदाचं गंगाफळ

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझी नणंद न्यू जर्सीहून चार महिन्यांसाठी धुळ्याला आली. सोबत सई, तिची आठ वर्षांची लेक. ही सप्टेंबर 2025 ची गोष्ट. पोर गुणी, कळण्याची भाकरी आणि भरीत आवडीने खाणारी, पण ऑक्टोबर लागला तशी ती गप्प गप्प राहायला लागली. एका रात्री माझ्या कुशीत झोपली असताना म्हणाली, "मामी, इथे हॅलोविन नसतं ना?" तिच्या वर्गातली मुलं 31 ऑक्टोबरला सोंगं घेऊन घरोघर हिंडणार, दारादारात कोरलेले भोपळे ठेवलेले असणार, आणि ती इथे. रडली नाही, नुसतं विचारलं. मला ते फार लागलं. म्हटलं, आपण करू.

प्लास्टिकच्या कवट्या विकत मिळतात, मागवता आल्या असत्या. पण दिवसभर मोठ्या माणसांत बसून कंटाळलेल्या पोरीला हाताला काम हवं होतं. शाळेत असताना मी कागदाच्या लगद्याचे मुखवटे केले होते, तेवढा हात मला होता. आमचं ठरलं ते असं: एक मोठं गंगाफळ (पुण्याकडे लाल भोपळा म्हणतात ते), एक कवटी, आणि हाडांचे दोन हात.

पहिला प्रयत्न वाया गेला, तो आधी सांगते.

मोठा फुगा फुगवला, वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या, मैद्याची खळ शिजवली आणि एका दुपारी दोघींनी मिळून सहा थर चढवले. सईला हात थांबवायचा नव्हता आणि मलाही उरकून टाकायचं होतं. गच्चीवर उन्हात ठेवला. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. दुपारी फुगा तापून फुगला, रात्री गारव्याने आकसला, आणि सकाळी पाहिलं तर कागदाला सुरकुत्या पडून एक बाजू आत बसलेली. तरी वरून टणक लागत होता म्हणून दोन दिवस तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी खालून कापलं आणि आंबूस वास आला. आतले थर ओलेच होते, त्यांवर काळ्या बुरशीचे ठिपके आले होते. वरचा थर आधी वाळला की आतलं पाणी कोंडून बसतं, त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. सईचा चेहरा पाहवेना. फेकून द्यावं लागलं.

सासूबाई घरापुढच्या ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या साक्रीकडच्या, घरात अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "काबरं घाई करस माय? एक थर वायू दे, मंग दुसरा लाव." आणि उठून आत गेल्या, माळ्यावरून एक टोपली काढून माझ्यापुढे ठेवली.

ती टोपली मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. तिच्यात कुरडया ठेवतात. पिवळट, जाडसर, बोटाने वाजवली तर लाकडासारखी टक्क वाजते. ती कागदाची आहे हे मला ठाऊक होतं, पण कशी केली हे कधी विचारलं नव्हतं. आधीच्या पिढीत आमच्याकडे बायका दुपारच्या वेळी अशा टोपल्या करायच्या. रद्दी तीन-चार दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं, उखळात कुटायची. मेथीदाणे रात्री भिजवून सकाळी वाटायचे आणि त्या लगद्यात मळायचे. मेथी भिजली की तिचा चिकट बुळबुळीत रस सुटतो, तोच कागदाचे तंतू धरून ठेवतो, आणि मेथीच्या कडूपणाने कीड लागत नाही असं त्या म्हणतात. मग घमेलं पालथं घालून त्यावर लगदा थापायचा. सासूबाईंचं प्रमाण दोन किलो रद्दीला पाव किलो मेथी.

पण लगेच सुरुवात करता आली नाही, कारण दिवाळी. कवटीचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "दिवाईमा घरमा मुंडकं ठेवतस का कोनी?" त्यांचं म्हणणं मला पटलं. लक्ष्मीपूजनाच्या घरात कवटी नको. ठरलं की भाऊबीज होऊ द्यायची, आणि कवटी ओट्यावरच राहील, उंबऱ्याच्या आत येणार नाही. भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. हाती आठ दिवस उरत होते. दिवाळीच्या साफसफाईत निघालेली रद्दी मात्र मी आधीच बादलीत भिजत घातली, म्हणजे लगद्याचे दिवस वाचले. त्यात गुळगुळीत चकचकीत पानं घ्यायची नाहीत. मासिकांची आणि लग्नपत्रिकांची पानं पाणी पीत नाहीत, त्यांचा लगदाच होत नाही. सगळ्यात छान भिजतात ते अंड्यांचे ट्रे. तासाभरात हाताने कुस्करले जातात.

उखळ आता घरात नाही. मी मिक्सरच्या जुन्या भांड्यात एक मूठ कागद आणि भांडंभर पाणी असं थोडं थोडं फिरवलं. पाणी कमी पडलं तर पात्याला कागद गुंडाळतो आणि मोटार तापते. मग पंच्यात बांधून पिळलं. किती पिळायचं? मुठीत दाबल्यावर बोटांतून पाणी गळू नये, पण मूठ उघडल्यावर गोळा फुटूही नये. सासूबाईंनी हातात घेऊन पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा मेथी घातली.

खळ अशी: एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतायचा आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येईपर्यंत ढवळायचं. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी असतो आणि सईचे हात मनगटापर्यंत खळीत बुडालेले, म्हणून मी चमचाभर मीठ घालून भागवलं.

या वेळी फुगा नाही घेतला. कॅरीबॅगमध्ये चुरगाळलेले कागद गच्च भरले, तोंड बांधलं आणि सुतळी वरून खाली, परत वर अशी आवळत आठ भाग पाडले. सुतळी जिथे रुतते तिथे गंगाफळाची खाच आपोआप येते. सईने ते पाहून टाळ्या वाजवल्या. त्यावर पट्ट्या. कात्रीने कापलेली पट्टी वाळल्यावर कडेला उठून दिसते, फाडलेल्या पट्टीचे तंतू शेजारच्या पट्टीत मिसळून जातात, म्हणून सगळं हाताने फाडलं. पहिला थर वर्तमानपत्राचा उभा, दुसरा खाकी कागदाचा आडवा. रंग बदलला की कुठे जागा सुटली ते लगेच दिसतं. दिवसाला दोनच थर, सकाळी एक, संध्याकाळी एक. मधे सावलीत पंख्याखाली, आणि पुरतं कडक झाल्यावरच उन्हात. नेमके त्याच आठवड्यात ढग आले. मी गालाला लावून पाहायचे. कागद गालाला गार लागला तर आत ओल आहे. सईनेही ती सवय घेतली, सकाळी उठली की आधी ओट्यावर जाऊन गंगाफळाला गाल लावायची आणि आत ओरडून सांगायची, "मामी, अजून गार आहे!"

पाचव्या दिवशी गार लागलं नाही. तळ कापून आतले कागद आणि पिशवी ओढून काढली. डोळे, नाक, दात पेन्सिलीने सईने काढले, ब्लेडने मी कापले. कापलेल्या कडा तशाच ठेवल्या तर थर सुटतात, म्हणून त्यांना बोटाने लगद्याची बारीक किनार दिली. देठ कागद पिळून केला. आधी उरलेल्या पांढऱ्या डिस्टेंपरचा हात, मग नारिंगी पोस्टर रंग, आणि खाचांमध्ये गेरू. तो गेरू लावला आणि रंगवलेला गोळा एकदम शेतातून तोडून आणल्यासारखा दिसायला लागला.

या सगळ्यात सासूबाई सईला विचारत होत्या, हा सण कशाचा. तिने तिला येत होतं तसं सांगितलं, बाकीचं मी. 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस, 2 नोव्हेंबर गेलेल्या माणसांच्या आत्म्यांचा, आणि हॅलोविन ही त्या आधीची रात्र. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. तिथे आधी सलगम कोरून दिवे करत, अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा सापडला. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "म्हनजे पितरंच ना मंग." पितृपक्ष होऊन महिनाच झाला होता. त्यानंतर कवटीबद्दल त्यांची तक्रार उरली नाही. ती ओट्यावरच राहिली, पण दातांची युक्ती त्यांचीच.

कवटीसाठी छोटं मातीचं मडकं पालथं घातलं, त्यावर ओलं प्लास्टिक चढवलं आणि बोटभर जाडीचा लगदा थापला. डोळ्यांच्या खोबणींसाठी अंड्यांच्या ट्रेचे दोन खळगे कापून आत बसवले, ते इतके हुबेहूब बसले की मी स्वतः थोडा वेळ बघत राहिले. गालाची हाडं लगद्याच्या वळकट्यांची. दात मी लगद्याचेच करत होते आणि ते गोळ्यांसारखे दिसत होते. तेव्हा सासूबाईंनी भाजीसाठी आणलेल्या खऱ्या गंगाफळाच्या वाळवलेल्या बिया ताटलीत आणून दिल्या. ओल्या लगद्यात एकेक बी टोकाकडून खोचली. चपट्या, किंचित पिवळ्या, माणसाच्या दातांच्याच घाटाच्या. सगळं वाळल्यावर पांढरा रंग दिला, त्यावर तपकिरी पोस्टर रंग अगदी पातळ करून फासला आणि लगेच ओल्या फडक्याने पुसला. रंग फक्त खोलगटात राहिला आणि कवटीला जुनेपण आलं.

हात पऱ्हाटीचे. दिराच्या शेतात बांधावर गेल्या हंगामातल्या कपाशीच्या काड्या रचलेल्या होत्या. त्यात पाच फाटे फुटलेली काडी शोधायची एवढंच काम, बोटं निसर्गाने केलेली असतात. पेरांच्या जागी पट्टी गुंडाळून गाठी आणल्या. शेतातून मूठभर कापूसही आणला. सरकी काढून तो दोन बोटांत हलके हलके ओढला की कोळ्याचं जाळं होतं, ओट्याच्या ग्रिलला अडकवलं.

लहानपणी मामाच्या गावी भोवाड्यात, म्हणजे रात्री मुखवटे घालून सोंगं नाचवतात त्या उत्सवात, मी लगद्याची सोंगं पाहिली होती. संबळ वाजायला लागायचा, मशालीच्या उजेडात वेताळ नाचत यायचा आणि आम्ही मुलं आईच्या पदरात तोंड लपवायचो. 31 तारखेला संध्याकाळी ओट्यावरचा दिवा बंद केला आणि गंगाफळात उजेड लावला तेव्हा मला पोटात तसंच काहीसं झालं. उजेड दिवाळीच्या एलईडी माळेचा. पणती ठेवायचा मोह झाला होता, पण आत सगळा वाळलेला कागद, ते धाडस करू नये. गल्लीतली अकरा मुलं आली, कुणी चादर पांघरून, कुणी तोंडाला काजळ फासून. चॉकलेटं आणलीच होती, पण पाच घरांतून त्यांच्या पिशव्यांत दिवाळीचे शंकरपाळे आणि चकल्याही पडल्या. सई सगळ्यांना कवटीचे दात मोजायला लावत होती. चौदा आहेत.

बादलीत थोडा लगदा उरला होता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो पातेल्यावर थापून एक लहानशी टोपली केली, कडेला सईच्या बोटांचे ठसे उठवले आणि हळद लावून वाळवली. कवटी विमानात नेऊ नये असं नणंदेचं मत पडलं, गंगाफळ बॅगेत मावेना. टोपली तेवढी गेली. परवा फोनवर सईने दाखवली, तिच्या खिडकीत आहे, आत उरलेल्या बिया ठेवल्या आहेत.