मस्कीसाठी गाईड शोधताना

१८ जानेवारी, मिनियापोलिस

बाबांचं तिकीट काढलं. मेमध्ये येतील आणि सप्टेंबर संपता संपता महाडला परततील. मागच्या खेपेला त्यांना मॉल, संग्रहालयं, धबधबे असं सगळं दाखवलं, पण ते खऱ्या अर्थाने रमले ते एका तळ्याकाठी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याशेजारी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी तासभर तिथून उठले नाहीत. सावित्रीच्या काठावर वाढलेला माणूस. या वेळी त्यांना हेवर्डला न्यायचं आणि मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी एक दिवस पाण्यावर घालवायचा, असं मी ठरवलं आहे.

हेवर्ड विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, इथून गाडीने अडीच तासांवर. मस्कीचं नाव काढलं की इथला प्रत्येक जण त्याच गावाकडे बोट दाखवतो. १९४९ च्या जुलैमध्ये कॅल जॉन्सनने तिथल्या लॅक कूडेरे तलावात ६७ पौंड ८ औंसांचा मासा काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुई स्प्रेने जवळच्या चिपेवा फ्लोएज या जलाशयातून ६९ पौंड ११ औंसांचा काढला. खरा जागतिक विक्रम कोणाचा, यावरून लोक आजही तावातावाने भांडतात. विस्कॉन्सिनने तर १९५५ मध्ये मस्कीला राज्यमासा करून टाकलं.

मला हवा आहे चिपेवा फ्लोएज. १५,३०० एकरांचं पाणी, त्यात असंख्य बेटं, पाण्याखाली बुडालेले बुंधे, आणि वाऱ्याबरोबर जागा बदलणारी दलदलीची तरंगती बेटं. पाण्याचा रंग काळ्या चहासारखा. अशा ठिकाणी नवख्याने नकाशा घेऊन जाण्यात अर्थ नाही. शिवाय बाबा आता सत्तरी ओलांडलेले, उजवा गुडघा दुखरा. म्हणून गाईड घ्यायचाच, आणि तोही तिथलाच. थंडीतच ठरवावा लागेल, चांगल्या लोकांच्या तारखा उन्हाळ्यापर्यंत शिल्लक राहत नाहीत.

आज रात्री बराच वेळ वेगवेगळ्या गाईडांचे फोटो बघत बसलो. पहिल्या नजरेला सगळे सारखेच दिसतात. हसरा माणूस, हातात चार फुटी मासा. पण थोडा वेळ नीट पाहिलं की फरक दिसायला लागतो. काहींच्या प्रत्येक फोटोत मासा गाईडच्याच हातात असतो. मग पैसे देऊन आलेल्या माणसाने दिवसभर काय केलं? काहींचे सगळे मोठे मासे जाड जॅकेट घातलेल्या दिवसांतले, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, पण जाहिरात जुलैची. आणि काही जण मासा जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवतात. तीस-चाळीस पौंडांचं अंग पाण्याबाहेर असं टांगलं की सगळा भार मणक्यावर आणि आतल्या अवयवांवर येतो. जाणकार माणूस एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली आणि दुसरा पोटाखाली देऊन मासा आडवा धरतो, फोटो काढतो आणि लगेच पाण्यात सोडतो. उभे लोंबकळणारे मासे ज्यांच्याकडे दिसले ती नावं मी यादीतून काढून टाकली. यादी निम्म्यावर आली.

२ फेब्रुवारी

आज फोन झाले. लिहून ठेवतो, नाहीतर कोण काय म्हणालं ते मिसळून जाईल.

पहिला गाईड भरभरून बोलला. बोट नवी, इंजिन मोठं, आणि पुढे काय पोहतंय ते पडद्यावर जिवंत दाखवणारं सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं टिपणारं यंत्र. त्या पडद्यावर मासा दिसला की थेट त्याच्या नाकासमोर आमिष टाकायचं. या सोनारवरून मस्कीवाल्यांमध्ये सध्या मोठा वाद चालू आहे. माझ्यापुरतं बोलायचं तर बाबांनी सातासमुद्रापार येऊन दिवसभर पडद्याकडे बघत बसावं हे मला पटत नाही. तरीही मी त्याला माझा ठरलेला प्रश्न विचारला: "जुलैच्या शेवटी पाणी तापलं तर काय करता?" तो म्हणाला, "मासे खोल जातात, आपण खोल जाऊ. काळजी करू नका, मासा हमखास दाखवतो."

हमखास! ज्या माशासाठी लोक दहा हजार वेळा आमिष फेकायची तयारी ठेवतात, त्याच्याबद्दल 'हमखास' म्हणणाऱ्या माणसाबरोबर मी बाबांना पाठवणार नाही. आणि तापलेल्या पाण्याचं उत्तर तर मला फारच खटकलं. मस्कीला गार पाणी मानवतं. पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. अशा वेळी गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झुंजतो, थकून जातो आणि सोडल्यावर पोहत निघून जातो. आपल्याला वाटतं वाचला. पण तो पुढच्या काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत मरू शकतो, आणि ते बघायला तिथे कोणी नसतं. पन्नास इंची मादी तयार व्हायला या उत्तरेच्या पाण्यात पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो. एका दुपारच्या फोटोसाठी ती घालवायची?

दुसऱ्याशी बोलून बरं वाटलं. प्रश्न नीट ऐकून घेत होता, उत्तरं थोडक्यात देत होता. शेवटी स्वतःच म्हणाला, "मी चार-पाच तळ्यांवर फिरतो, फ्लोएजवर वर्षातून थोडेच दिवस असतो. तुम्हाला तेच पाणी हवं असेल तर तिथे राहणाऱ्याला विचारा." हातात आलेलं गिऱ्हाईक सोडून एवढं खरं सांगणारा माणूस. पुढेमागे दुसऱ्या तळ्यावर जायचं झालं तर मी यालाच फोन करेन.

तिसऱ्याने सुरुवातीची दहा मिनिटं मला प्रश्नच विचारू दिले नाहीत. तोच विचारत राहिला. कोण कोण येणार? वडिलांचं वय काय? पोहता येतं का? उभं राहून गळाची काठी चालवू शकतील, की बसायला खुर्ची लागेल? खांदा कसा आहे? मग समजावून सांगितलं, की मस्कीची काठी आठ-नऊ फुटी असते आणि आमिषं जड असतात. तरुण माणसाचाही खांदा दुपारपर्यंत भरून येतो. "वडिलांसाठी मी हलकी बकटेल, म्हणजे केसांचा झुपका असलेलं आमिष, लावेन, ती पाण्यातून ओढायला सोपी. आणि पूर्ण दिवसाऐवजी दुपारी तीनपासून अंधार पडेपर्यंत जाऊ." पैसे त्यामुळे कमी मिळणार होते, तरी सुचवलं त्यानेच.

मग मी विचारलं: "मागच्या मोसमातला तुमचा सगळ्यात वाईट आठवडा कसा होता?"

तो अजिबात अडखळला नाही. ऑगस्टमधला, म्हणाला. सलग पाच दिवस जाळ्यात एकही मासा नाही. चार मस्की बोटीपर्यंत आमिषामागे आल्या आणि वळून गेल्या. आणि त्यानंतरचे दोन दिवस त्याने स्वतःच रद्द केले, कारण सकाळी सहालाच पृष्ठभागावरचं पाणी ८० दाखवत होतं. त्या गिऱ्हाइकांना त्याने पैसे परत दिले, नाहीतर वॉलाय या दुसऱ्या माशासाठी चला म्हणाला.

मला हेच ऐकायचं होतं. मासा कसा पकडतो हे कोणीही रंगवून सांगेल. आज जायचं नाही असं हा माणूस कधी म्हणतो, ते मला कळायला हवं होतं.

बाकीचंही विचारून घेतलं. जिवंत सकर मासा आमिष म्हणून लावतो का? लावतो, पण शरद ऋतूतच आणि लगेच हुक बसवता येईल अशा रिगवर, म्हणजे हुकांच्या जोडणीवर. पूर्वी एकच मोठा हुक लावून मस्कीला आमिष गिळू द्यायचे, त्यात हुक पोटात जायचा आणि सोडलेला मासा मरायचा. हुक खोल रुतला तर? "उपटत नाही. कटरने हुकच कापतो. हुक दोन डॉलरचा असतो." जाळं मोठं आणि रबराचा लेप असलेलं, म्हणजे मासा बोटीशेजारी पाण्यातच ठेवून हुक काढता येतो. राज्याचा गाईड परवाना आहे का, तर तो विस्कॉन्सिनमध्ये पैसे घेऊन नेणाऱ्या प्रत्येकाला लागतोच, याने क्रमांकासकट पाठवला. विजा चमकायला लागल्या तर काठावर परत, आणि राहिलेले तास दुसऱ्या दिवशी.

आणि एक गोष्ट मी विचारली नव्हती, ती त्याने आपणहून सांगितली. फ्लोएज हे मूळचं तळं नव्हे. १९२३ मध्ये विंटर गावाजवळ धरण बांधलं आणि हे सगळं पाणी साचलं. लॅक कूडेरेच्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा विरोध होता, तरी त्यांचं गाव, त्यांची जंगली भाताची पाणथळं आणि पूर्वजांच्या कबरी पाण्याखाली गेल्या. "मी ज्यांना नेतो त्यांना हे सांगतो. कोणाच्या जागेवर आपण आहोत हे माहीत असावं," म्हणाला. मी फोनवर गप्पच झालो. आईचं माहेर कोयनेत गेलेलं. शिवसागर जलाशयाकडे बघताना ती कधीच 'किती सुंदर' म्हणाली नाही.

९ फेब्रुवारी

बाबांशी व्हिडिओवर बोललो. आधी मस्कीचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "तोंड बदकासारखं आणि दात कुत्र्याचे. एकटा राहणारा दिसतोय." बरोबर ओळखलं. मस्की गवताच्या कडेला दबा धरून एकटीच असते.

मग सोडून देण्याचा विषय निघाला. बाबा म्हणाले, "अरे, खायचा नाही, तर धरायचा कशाला? त्याला उगाच त्रास." हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, आणि याचं पूर्ण समाधान होईल असं उत्तर माझ्याकडे नाही. जे ठाऊक आहे ते सांगितलं. पूर्वी इथेही धरलेली प्रत्येक मस्की मारत असत, झाडाला टांगून फोटो काढत. १९६६ मध्ये इथेच, सेंट पॉलमध्ये, मस्कीज इन्क. नावाची संस्था निघाली आणि तिने मासा सोडायची सवय लोकांना लावायला सुरुवात केली. आज परवान्याच्या पैशांतून पिल्लं वाढवून पाण्यात सोडली जातात. आमच्या मिनेसोटात बहुतेक पाण्यांवर ५४ इंचांपेक्षा लहान मस्की ठेवताच येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये ही मर्यादा साधारणपणे ४० इंच आहे, काही तळ्यांवर ५०. पण जे खरोखर मस्कीच्या मागे असतात ते कितीही मोठी मिळाली तरी सोडतात.

बाबांनी ऐकून घेतलं आणि वाळणकोंडीचा विषय काढला. आमच्याकडे काळ नदीतला तो डोह, देवीचे मासे. लहानपणी आम्ही कुरमुरे टाकायचो आणि हाताएवढे मासे पायाशी यायचे. "तिथे कोणी गळ टाकला तर गाव जाब विचारतं," बाबा म्हणाले. "तुझ्या त्या तळ्यात एवढ्या आत बोटीवर कोण विचारणार?"

"वॉर्डन असतात. पण प्रत्येक बोटीवर नसतात. तिथे गाईडच."

"मग तो माणूस नीट बघ," म्हणाले. मी त्यांना पाच दिवसांची आणि परत दिलेल्या पैशांची गोष्ट सांगितली. त्यांनी फक्त विचारलं, कधी जायचं.

११ फेब्रुवारी

तिसऱ्यालाच होकार कळवला. माझ्या मनात जुलैचा शेवटचा आठवडा होता, कारण तेव्हा मला सुट्टी सोयीची. त्याने ती तारीख घेतलीच नाही. म्हणाला, घेतली आणि पाणी तापलं तर तुमचे वडील एवढ्या लांबून येऊन धक्क्यावर बसून राहतील. मग सप्टेंबरचा दुसरा आठवडा ठरला. पाण्याचं तापमान उतरायला लागलेलं असतं, मासे पुन्हा उथळ कडांवर येतात, आणि बाबा परतायला अजून दोन आठवडे उरलेले असतील. सुट्टीसाठी ऑफिसात आजच अर्ज टाकला.

आगाऊ रक्कम पाठवली. पूर्ण दिवसाचे चारशेहून जास्त डॉलर असतात, अर्ध्या दिवसाचे अर्थात कमी, आणि टिप वेगळी. काठ्या, रीळ, लीडर (दातांनी न तुटणारी टोकाची दोरी), आमिषं सगळं त्याचं. आम्ही आणायचं ते उन्हाचा चष्मा, पाण्यावरची चमक कापणारा, कारण बोटीमागे आलेली मस्की दिसणं हेच निम्मं काम. बाबांसाठी विस्कॉन्सिनचा एक दिवसाचा परवाना आदल्या आठवड्यात काढायचा.

आठचा आकार मात्र बाबांना आधी शिकवायला हवा. आमिष बोटीपाशी आलं की बाहेर न काढता काठीचं टोक पाण्यात घालून मोठा इंग्रजी आठ काढायचा. मागे आलेली मस्की कितीदा तरी त्याच वळणावर झडप घालते. वळण मोठं आणि सावकाश हवं, लांब अंगाच्या माशाला चटकन वळता येत नाही. जूनमध्ये आधी त्यांना घराजवळच्या तळ्यावर सनफिश या छोट्या माशांसाठी नेईन, तिथल्या धक्क्यावरून लांब काठीने सराव होईल. त्यासाठी त्यांचा मिनेसोटाचा परवाना वेगळा काढावा लागेल, तेही यादीत लिहून ठेवलं.