एलसीपीएस बंद केला, हे बरे झाले का?

सोलापुरात वैद्यकीय विद्यार्थ्यांना सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे जुन्या पेठांतली वडीलधारी मंडळी मला नेहमी विचारतात: पूर्वी एलसीपीएस, म्हणजे पदवीपेक्षा कमी वर्षांचा अभ्यासक्रम करून परवाना मिळवलेले डॉक्टर असत, तो अभ्यासक्रम चालू ठेवला असता, तर खेड्यांना आजही डॉक्टर मिळाले नसते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी हे सुचवण्यासाठी १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात नोंदणी झालेले सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३०,००० जण पदवीपेक्षा कमी वर्षांचा अभ्यासक्रम केलेले होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, इतकी चणचण असतानाही यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा, असे समितीने सुचवले. काही सदस्यांना ते पटले नव्हते. मला मात्र ते पटते. खेड्याने कमी शिकलेल्या डॉक्टरवर भागवावे, असे म्हणणारे स्वतः आजारी पडले की पुणे गाठतात.

पण त्याच अहवालात, या डॉक्टरला तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण द्यावे, असेही म्हटले होते. अभ्यासक्रम बंद करायला एक आदेश पुरतो. डॉक्टरला समाजात नेऊन शिकवण्याचे हे दुसरे काम आपण अजून करतोच आहोत. वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवू पाहणाऱ्या १९७७ च्या ‘रोम’ योजनेने प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाकडे तीन विकासगट सोपवले, फिरते दवाखाने आले, आणि ते सारे हळूहळू थंडावले. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा शिकवायचा विषय झाला, पुढे विद्यार्थ्यांनी कुटुंबे ‘दत्तक’ घेण्याची, म्हणजे त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवण्याची पद्धतही आली.

त्याची गरज आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू भाषक कामगारांच्या वस्तीत, चटकन कळते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई तेलुगूत खोकल्याची तक्रार सांगते. लातूरहून आलेला विद्यार्थी शेजारच्या मुलीला दुभाषी करून ‘खोकला किती दिवस’ एवढेच विचारतो, आणि त्याच खोलीत तंबाखूची धूळ उडते आहे, तिथेच पाळणा टांगला आहे, हे त्याच्या नोंदवहीत येत नाही. ते पाहायला शिकवणारा शिक्षक बरोबर असावा लागतो.

आणि आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे, ग्रामीण महिने? ते बहुतेकांचे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या प्रश्नसंचांत जातात. ती परीक्षा तशीच ठेवून एलसीपीएस उद्या पुन्हा सुरू केला, तरी तो विद्यार्थीसुद्धा तेच प्रश्नसंच घेऊन आरोग्य केंद्रात बसेल.