तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रुपबरोबर का येत नाही

लग्नात, गॅरेजमध्ये, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आणि पहिला पाऊस पडला की हमखास फोनवर : “अरे, ग्रुपबरोबर का येत नाहीस? एकटाच काय भटकतोस?” माझं उत्तर पाठ झालंय. बाइकवर एकट्याने गेलं की हवं तिथे थांबता येतं, कुणाच्या घड्याळाला बांधलेलं नसतं, इंजिनाचा आवाज नीट ऐकू येतो. समोरचा मान डोलावतो, विषय मिटतो. यातला शब्दही खोटा नाही. फक्त तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

लीड म्हणजे सगळ्यात पुढचा, स्वीप म्हणजे सगळ्यात मागचा, हे तुम्हाला सांगायला नको. लीडचे फोटो निघतात. स्वीपला एकच काम : शेवटी राहायचं. कुणी थांबला की थांबायचं, कुणाची चेन उतरली की त्याच्याशेजारी उकिडवं बसायचं. याला ना फार कौशल्य लागतं, ना महागडी गाडी. २०१७ च्या जुलैत मला तेवढंही जमलं नाही.

नऊ गाड्या होत्या. पहाटे सहाला चांदणी चौक, मुळशीला भजी, ताम्हिणी उतरून माणगाव, आणि दुपारी दिवेआगरला उकडीचे मोदक, असा बेत. स्वीप मी. माझ्यापुढे माझा शाळेपासूनचा मित्र, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर. तो नवी गाडी जपून चालवत होता, म्हणजे चाळीसच्या वर जातच नव्हता. त्याच्या मागच्या नंबरप्लेटकडे दोन तास बघून मी कंटाळलो होतो. हे आज लिहितोय. तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

घाट सुरू झाल्यावर पाऊस वाढला तसा तो डावीकडे थांबला. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा होता. मी शेजारी गाडी घेतली. त्याने हाताने “हो पुढे, आलोच” अशी खूण केली. मी गेलो. नुसता गेलो नाही, मजेत गेलो. ती सात-आठ वळणं मी त्या दिवशीची सगळ्यात छान चालवली, हेही खरं आहे.

खाली विळे गावाच्या अलीकडे टपरीवर बाकीचे थांबले होते. लीडने विचारलं, “सगळे आले?” मी म्हणालो, “आलाच, मागेच आहे.” चहा झाला. दहा मिनिटांनी कुणीतरी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, “धबधब्याचे फोटो काढत बसला असेल.” लोक हसले. दुसरा चहा मागवला, तोही मीच. मोबाइलला रेंज नव्हती. त्या घाटात ती तेव्हा नसायचीच, आणि ही सबब मला फार सोयीची पडली. मग वरून एसटी आली. ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, “तुमच्यातला एक पडलाय वर.”

उजवीकडच्या वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती होती. त्याने मागचा ब्रेक दाबला, मागचं चाक सुटलं, गाडी उजव्या अंगावर गेली आणि त्याचा पाय खाली सापडला. क्लासिकचा सायलेन्सर त्याच बाजूला असतो. आम्ही पोचलो तेव्हा गाडी बाजूला काढलेली होती. भाताच्या लावणीला निघालेल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा, दोघांनी मिळून ती उचलली होती. हेल्मेटमध्ये पाऊस जात होता म्हणून बाईंनी डोक्यावरची प्लास्टिकची खोळ काढून त्याच्या तोंडावर धरली होती आणि स्वतः भिजत उभ्या होत्या. त्यांनी आम्हा आठ जणांकडे, आठ जॅकेटांकडे बघितलं. “तुमच्यासंगचाच ना ह्यो? मग कुणी मागं वळून बघितलं न्हाई व्हय?”

कुणीच काही बोललं नाही. मित्र मला म्हणाला, “गाडी सुरू होतेय का बघ रे.”

पिकअपमध्ये, खताच्या रिकाम्या गोण्यांवर निजवून त्याला माणगावला नेलं. पुढे पुण्यात नडगीत रॉड बसला.

आता तुमची बाजू, कारण ती मी स्वतःच कितीदा मांडलीय. मी मागे असतो तरी तो पडलाच असता. माती माझी नव्हती, ब्रेक त्याचा होता. तेव्हाच्या त्याच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नव्हतं; १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. शिवाय “हो पुढे” तोच म्हणाला होता. सगळं मान्य. हाड मोडलं ते घसरल्याने.

पण पोटरी भाजली ती माझ्यामुळे. गाडी अंगावर घेऊन तो वीस-पंचवीस मिनिटं पडून होता. मी एकदा घरच्या पार्किंगमध्ये तासभर चालवून आणलेली गाडी उभी करून सायलेन्सरवर मगाने पाणी ओतत घड्याळ लावून बसलो होतो, मधूनमधून बोट टेकवत. (वॉचमनने काय समजूत करून घेतली, देव जाणे.) किती मिनिटांनी बोट ठेवता आलं ते सांगत नाही. मी मागे असतो तर एवढा वेळ लागला नसता. एकशेनव्वद किलोची गाडी एकट्याने उभी करता आली नसती कदाचित, पण कलती करून पाय तर काढता आला असता.

तो अजून ग्रुपबरोबर जातो, हे तुम्हाला माहीतच आहे. हाफपँट घातली की तळहाताएवढा गुळगुळीत डाग दिसतो, आणि कुणी विचारलं की तो रंगवून सांगतो : “मी वर भाजतोय आणि हे साहेब खाली दुसरा कटिंग मागवतायत!” सगळे हसतात. मीही हसतो. त्याने एकदा तरी शिवी घातली असती तर मी पुढच्याच रविवारी आलो असतो, असं मला वाटायचं. आता तेही नक्की सांगता येत नाही. कदाचित मला स्वीप व्हायची भीती नाही; मागे पुन्हा कंटाळा येईल याची भीती आहे.

बायकोला हे काहीच पटत नाही. ती म्हणते, “तुझ्यामुळे कुणाला लागू नये म्हणून एकटा जातोस, ठीक. तू पडलास तर?” मी म्हणालो, लोकेशन चालू ठेवतो. ठेवतोही. निवे गाव ओलांडलं की कधीतरी तिच्या फोनवरचा माझा ठिपका थांबतो, आणि खाली विळ्याला रेंज आली की पुन्हा हलतो. मधला तो तासभर ती काय करते, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.