मेघदूताचं अत्तर: आधी माती, मग फुलं

मेघदूतावरून अत्तर करायचं म्हटलं की बहुतेक जण फुलांपासून सुरुवात करतात. केवडा, कदंब, जुई काव्यात आहेतच. पण ती सढळ हाताने घातली की लग्नातल्या हारांचा वास येतो. कालिदासाचं लक्ष जमिनीकडे आहे: नुकतंच नांगरलेलं माळ शेत, देवगिरीच्या वाटेवर भिजल्या धरतीचा गंध घेऊन येणारा गार वारा. संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी काव्यातला यक्ष जिथे राहतो तो रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक, असं मांडलं. नागपूरकराने तरी पाया मातीचाच घ्यावा.

10 ग्रॅमसाठी मिट्टी अत्तर 4.5, चंदन तेल 3, वाळा 1.2, कदंब 0.7, जुई 0.4 आणि केवडा 0.2 ग्रॅम. सगळी अत्तरं चंदनावर काढलेली हवीत. थेंब मोजू नका, 0.01 ग्रॅमचा काटा वापरा. दाट तेलाचा थेंब मोठा पडतो.

खरी मेख मिट्टी अत्तरात आहे. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यासह देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, घालून त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यातल्या, चंदन तेलात उतरवतात. स्वस्त मालात चंदनाऐवजी पॅराफिन असतं. 95 टक्के अल्कोहोलमध्ये दोन थेंब टाका. दुधाळ झालं किंवा तेल वेगळं तरंगलं तर घेऊ नका. दुसरी भेसळकारी द्रावकं मात्र अल्कोहोलमध्ये विरघळतात, त्यामुळे नितळ राहिलं म्हणून लगेच खात्री धरू नये. दुसऱ्या दिवशी कागदाच्या पट्टीवर चंदन उरलंय का ते हुंगा.

मातीचा वास फिका वाटला तर जिओस्मिनच्या, म्हणजे ओल्या मातीला वास देणाऱ्या रसायनाच्या, 0.1 टक्के द्रावणाचा एकच थेंब. दुसरा पडला की पावसाऐवजी कापलेल्या बिटाचा वास येतो, आणि तो काही केल्या झाकला जात नाही.

वाळ्याचं प्रमाण आपल्याकडे विशेष जपावं लागतं. कूलर आणि ताट्यांमुळे नागपुरी नाकाला वाळा म्हणजे मे महिना. दीड ग्रॅमच्या वर गेलात की पाऊस यायचा तो येतच नाही.

यक्ष मेघाला अर्घ्य देतो ते कुटजाच्या, म्हणजे कुड्याच्या, ताज्या फुलांचं. कुड्याचं अत्तर सहसा मिळत नाही. ती पांढरी, हलकी जागा जुईने भरायची. म्हणूनच जुई आहे, गोडव्यासाठी नाही.

चंदन, मिट्टी, वाळा आधी एकत्र करून आठवडाभर मुरू द्या. मग कदंब आणि जुई. केवडा शेवटी, तोही थोडा थोडा, दर वेळी हुंगून. तो एकदा वर चढला की बाकी सगळं गप्प. त्यानंतर गडद काचेच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या कुपीत महिनाभर. तळाशी पाण्याचे मणी दिसले तर वरचं अत्तर ड्रॉपरने काढून घ्या, नाहीतर गढूळपणा राहतो. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीलगतच्या कपाटात कुपी ठेवू नका. मेच्या उन्हाळ्यात केवडा आणि जुई आधी बिघडतात.

लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. कानात फाया ठेवायचा असेल तर तो नुसता ओलसर हवा, निथळता नको.