बिघडलेला ऑर्क

आषाढात कोणी पापड वाळत घालत नाही. रंगाआधी अस्तर म्हणून फवारायच्या स्प्रे प्रायमरलाही हाच नियम लागतो, हे मला एका ऑर्कचा बळी गेल्यावर कळलं.

वॉरहॅमर नावाच्या खेळातला हा हिरवा राक्षस. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी असली सैन्यं काढते. प्लॅस्टिकचे सुटे हात, पाय, मुंडकी चिकटवायची, रंगवायची आणि मग टेबलावर लढवायची. साधा माणूस असेल तर उंची जेमतेम तीन सेंटिमीटर. माझं लढणं बहुतेक राहूनच जातं, रंगवण्यातच रविवार संपतो.

तर जुलैत, पाऊस जरा उघडलाय असं बघून गॅलरीत स्प्रे मारला. हवेतला दमटपणा रंगात शिरला आणि ऑर्कच्या अंगावर बारीक रवा थापल्यासारखं झालं. "घासून टाक की," बायको म्हणाली. मी तो ठेवून दिला.

बरंच झालं. चांगल्या बाहुल्यावर माझा हात कधी धजत नाही. चार वर्षं तोच हिरवा, त्यावर खाचांत उतरणारा तोच पातळ काळपट रंग, म्हणजे वॉश, कडांना तीच फिकट रेघ. याचं मात्र आणखी वाटोळं व्हायला काही शिल्लकच नव्हतं.

आधी ड्रायब्रश. पांढरा रंग ब्रशला लावायचा आणि वर्तमानपत्रावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. उरलेल्या कोरड्या ब्रशाने अंगावर झटकारे मारले की उंचवटे तेवढे उजळतात. ब्रश बायकोच्या मेकअपचा होता (तिला सांगितलेलं नाही). त्यावर कॉन्ट्रास्टचा हिरवा सोडला. २०१९ साली आलेला हा पारदर्शक रंग खाचांत दाट साचतो, उंचवट्यावर विरळ राहतो. रव्यामुळे कातडी थेट बेडकाची दिसू लागली. मुद्दाम केलं असतं तर जमलं नसतं.

मग चेव चढला आणि ऑइल वॉश काढला. तपकिरी तैलरंग व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ करायचा. खांद्याचं चिलखत मी वेगळं ठेवलं होतं, ते त्या स्प्रेतून वाचलेलं. त्याच्यावर ब्रशने रंग आणि चकचकीत व्हार्निश चढवून एक रात्र वाळवलं. दुसऱ्या दिवशी एका रिव्हेटच्या (खिळ्याच्या फुगीर डोक्याच्या) बुडाशी ब्रशचं टोक नुसतं टेकवलं, तर पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसा रंग आपला आपण रिव्हेटभोवती फिरून पुढच्या खाचेत गेला. मी हात आखडून नुसता बघत राहिलो. अॅक्रिलिक काही मिनिटांत वाळून मोकळं होतं. हा मात्र तासाभराने इअरबडने पुसला तरी वरचा निघतो, खाचेतला राहतो. घाई नाही, चूक पुसता येते. असला रंग मला आधी कोणी का नाही दिला!

त्या आनंदात तोच वॉश अंगावरही फासला. रव्यावरून तो कसला पुसला जातोय! बेडूक होता तो चुलीतून ओढून काढल्यासारखा झाला.

राहिले डोळे. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायला आणलेल्या मातीच्या मावळ्यांचे डोळे आठवतात. दोन काळे ठिपके, एकेका टिचकीत दिलेले, आणि टोपलीभर मावळे टक लावून बघतायत. मी श्वास रोखून, कोपर टेबलावर रोवून, भिंगातून बघत दिलेला ठिपका गालावर उतरला. पुसला. दुसरा बरोबर बसला, पण डावा डोळा छताकडे आणि उजवा माझ्याकडे.

आता तो ब्रशांच्या बरणीशेजारी उभा असतो. नव्या डब्यातले दहा जण कोरेच आहेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. धातूचा रंग न वापरता, नुसत्या राखाडी-पांढऱ्यातून पोलाद चमकवायची एक पद्धत आहे, ती बघायचीये. आणि याच्या कुऱ्हाडीचं पातं अजून शिल्लक आहे.