करप्याची औषधे प्लेटमध्ये तपासताना

आंब्याच्या करप्याची बुरशी, कोलेटोट्रायकम, बटाट्याच्या माध्यमावर (बुरशी वाढवायच्या खाद्यावर) झकास वाढते, म्हणून बुरशीनाशकांची पहिली चाळणी प्लेटमध्येच (चपट्या पेट्री बशीत) लागते: माध्यमात औषध मिसळायचे आणि बुरशी किती वाढते ते मोजायचे. भुरी रोगाच्या बुरशीला ही सोय नाही. ती जिवंत पेशींवरच जगते, तिची चाचणी थेट मोहरावर घ्यावी लागते.

माध्यम नेहमीचेच: 200 ग्रॅम सोललेल्या बटाट्यांचा काढा, डेक्स्ट्रोज (साखर) आणि अगर (माध्यम घट्ट करणारी पूड) प्रत्येकी 20 ग्रॅम, पाणी घालून एक लिटर. 121 अंशांवर 15 ते 20 मिनिटे निर्जंतुक करा आणि 45–50 अंशांपर्यंत निवल्यावरच औषध घाला. त्याहून निवले तर अगर आवळू लागते, औषध सारखे मिसळत नाही.

खरा घोळ होतो तो पीपीएमच्या (इथे लिटरमागे मिलिग्रॅमच्या) हिशेबात. पुडीवर 50 टक्के लिहिलेय म्हणजे निम्मेच सक्रिय द्रव्य. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचे 100 पीपीएम हवे असेल तर 100 मिलीला 10 मिलिग्रॅम सक्रिय द्रव्य, म्हणजे 20 मिलिग्रॅम पावडर. एवढे बारीक वजन करत बसू नका. 200 मिलिग्रॅम पावडर कालवून 10 मिली द्रावण करा, त्यातले 1 मिली 99 मिली माध्यमात घाला. ही पावडर विरघळत नाही, खाली बसते; दर वेळी बाटली हलवली नाही तर पिपेटमध्ये वरचे पाणीच येते.

90 मिमीच्या प्लेटमध्ये 20 मिली माध्यम ओता. सात दिवसांच्या वाढीच्या कडेची 5 मिमी चकती बुरशीची बाजू खाली करून मधोमध ठेवा. कडेचीच, कारण ताजी वाढ तिथे असते. प्रत्येक मात्रेच्या निदान तीन प्लेट, शिवाय बिनऔषधाच्या तीन. साधारण 27 अंशांवर ठेवून बिनऔषधाची प्लेट भरली की काटकोनात दोन व्यास मोजा. तिथे 90 आणि औषधात 27 मिमी आले तर वाढ 70 टक्के रोखली. चकतीचे 5 मिमी दोन्हींतून वजा केले तर हेच उत्तर 74 येते. कोणतीही पद्धत धरा, पण मध्येच बदलू नका.

या आकड्यांवरून मॅन्कोझेब या बुरशीनाशकाला नापास करू नये. त्याचा मुख्य मारा बीजाणू रुजण्यावर असतो, आणि चकतीत तर आधीच वाढलेले तंतू असतात. अझॉक्सीस्ट्रॉबिन या श्वसन रोखणाऱ्या बुरशीनाशकाचेही तसेच: प्लेटमध्ये बुरशी श्वसनाची पर्यायी वाट धरून तग धरू शकते. दोघांसाठी बीजाणू रुजण्याची चाचणी वेगळी लावा.

जिथे वाढ शून्य दिसते, तिथली चकती उचलून साध्या माध्यमावर ठेवा. चार-पाच दिवसांत पांढरे तंतू फुटले तर औषधाने बुरशी मारली नव्हती, नुसती थोपवली होती.