जेऊर ते कंदर

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वर सोडून वीसेक दिवस झाले असतील. दातलीचं रिंगण, नगर, कर्जतचे गोदड महाराज, सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. नीट आठवते ती जेऊर ते कंदर ही वाट, कारण डाव्या टाचेला फोड आला होता आणि आमचा विणेकरी पंढरपूर आजच गाठायचं असल्यासारखा चालत होता.

कंदर जवळ आलं तशा केळीच्या बागा लागल्या. जो तो केळी देतोय. "माऊली, एक तरी घ्या." सकाळपासून नऊ झाली होती, दहावं पांडुरंगानं दिलं असतं तरी नको म्हटलं असतं. त्यात कंटेनरवाले कानाशी हॉर्न मारत जात होते. इथली केळी 13 किलोच्या बॉक्समधून पार आखातात जातात म्हणे. जाऊ देत, पण हॉर्न कशाला?

बांधावर टेकले तर बागेतून एक आजी आली. आधी माझ्या पाया पडली, मग म्हणाली, "चप्पल काढ पोरी." पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून खोबरेलात बुडवला, फोडातून आरपार काढला आणि दोन्हीकडं टोकं ठेवून तोडला. "वढू नगंस. रातीतनं पानी निघून जातं."

"आजी, तुम्ही कंदरच्याच?"

"न्हाई, वांगी."

वांगीला इथं नंबर आहेत. एक, दोन, तीन. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागं सरकत आलं, माणसं उठून वर आली आणि गावाला नंबर पडले. आज हिरवीगार दिसणारी ही केळी त्याच पाण्यावर. आजीचं सासर त्या केळीवर जगतं, माहेर खाली पाण्यात आहे. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून पातळी पार खाली गेली, की ती बघायला जाते.

"आवंदा आमचं उखळ घावलं."

"मग आणलं का?"

"कोन उचलतंय? जड हाय."

उठताना पडशीत सहा केळी कोंबली. दहावं तिच्यासमोरच खाल्लं.

संध्याकाळी पाण्यावर गेले. कडेला हिरवी साय, चिलापी माशांचा उग्र वास. माळ घातलेल्या माणसाला मळमळेल असा. तरी घोटाभर पाण्यात उभी राहिले. हरिपाठाला बसले तर शेजारचा गावकरी मोबाइलवर दौंडचा विसर्ग बघत होता. भर हरिपाठात! चिडून बघितलं, तर त्याने स्क्रीनच माझ्याकडे वळवली. इथं ढग नसले तरी पुण्याकडच्या धरणांतून सोडलं की यांचं पाणी चढतं. आकडा कालच्यापेक्षा मोठा होता. आजीचं उखळ आता कुठवर बुडालं असेल, याचा हिशोब करण्यात माझाच हरिपाठ चुकला.

काकड्याला उठले तेव्हा फोड बसला होता. दोरा मात्र करकंबपर्यंत काढला नाही.